स्टोनफ्लायचं पिल्लू बांधताना: मार्चच्या ट्राउटसाठी, वरूडच्या सामानात

नदीकाठचा (वरूड) | १६ जानेवारी, रात्री १:१०

राजेहो, संत्र्याच्या बागेला आंबिया बहारासाठी दिलेला ताण (पाणी तोडणं) सोडला आहे. पाणी सुरू झालं आणि या आठवड्यात थ्री फेज लाइन रात्रीची. मोटार कधी ट्रिप होईल सांगता येत नाही, म्हणून झोपायचं तर नाहीच. त्या जागरणात शेतातल्या खोलीवर बसून मी फ्लाय बांधतो, म्हणजे गळावर दोरा, पिसं, लोकर बांधून केलेला खोटा कीटक, मासे धरायला. मागच्या वर्षी इथं दोन-तीन जणांनी विचारलं होतं की विदर्भात बसून ट्राउटच्या फ्लाय कशा बांधतोस, सामान कुठून आणतोस. आज सविस्तर लिहितो.

आधी स्टोनफ्लायच्या पिल्लाचीच ही फ्लाय का, ते. स्टोनफ्लाय म्हणजे नदीतळाच्या दगडांखाली वाढणारा आणि मोठा झाल्यावर पंख फुटणारा कीटक. हिमाचलमध्ये ट्राउट (थंड डोंगरी नद्यांतला मासा) धरायला १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर बंदी असते. १ मार्चला नद्या उघडतात. मी तीर्थनला जातो, बंजार खोऱ्यात. मार्चच्या सुरुवातीला वरचं बर्फ अजून नीट वितळायला लागलेलं नसतं. पाणी कमी, काचेसारखं स्वच्छ आणि बोटं बधिर होतील इतकं गार. मासा थंड रक्ताचा, त्याचं अंगच मंद झालेलं असतं. तो तळाशी, संथ पाण्यात, दगडाच्या आडोशाला बसून राहतो. वर उडणाऱ्या माशीसाठी तो वर येत नाही, पण तोंडापुढून काही जाडजूड वाहत गेलं तर तेवढं घेतो. स्टोनफ्लायची पिल्लं बारा महिने तळाशी असतात आणि बऱ्यापैकी मोठी असतात. हंगामाच्या सुरुवातीला एकच फ्लाय न्यायची झाली तर मी हीच नेईन.

मागच्या वर्षी पहिले दोन दिवस मला एकही टोच मिळाली नव्हती. फोटो बघून बांधलेल्या चोवीस फ्लाय होत्या, दिसायला सुंदर. तिसऱ्या दिवशी जिथं उतरलो होतो तिथले काका सोबत आले. त्यांनी पाण्यात हात घालून ताटाएवढा दगड उचलला आणि उलटा करून माझ्यापुढे धरला. खालच्या बाजूला दीड-दोन सेंटीमीटरचं एक पिल्लू होतं. वरून तपकिरी, कडेने पिवळसर. पुढे दोन मिशा, मागे दोन शेपट्या, पाठीवर पंखांच्या कळ्यांच्या दोन जोड्या. मी बोट लावलं तर उडी नाही, पोहणं नाही, दगडाला पोट चिकटवूनच ते कडेकडेने सरकलं. आणि चपटं! भिजवलेला हरभरा दोन बोटांत दाबावा तसं. माझ्या फ्लाय जांभळासारख्या गोल होत्या. त्याहून वाईट म्हणजे हलक्या होत्या. त्या पाण्याच्या मधल्या थरातून वाहत होत्या आणि मासे त्याच्या दोन हात खाली बसले होते.

तेव्हापासून वजन आणि चपटेपणा या दोन गोष्टी मी आधी बघतो. रंग नंतर.

आता सामान.

गळ आठ नंबरचा, लांब दांडीचा (थ्री एक्स लाँग लिहिलेलं असतं). नंबर वाढला की गळ लहान होतो, नवीन लोकांनी हे लक्षात ठेवा. टोकामागचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून टाकायचा. ट्राउट परत सोडायचा असतो, आणि आपल्या बोटात घुसला तरी तो गळ सहज निघतो.

वजनासाठी तांब्याची तार. आमच्याकडे दर गावात मोटार भरून देणारा एक तरी माणूस असतोच. त्याच्याकडे जळलेल्या मोटारीची जुनी तार किलोवर असते आणि नव्या तारेचे तुकडे जमिनीवर पडलेले असतात. मला २२ नंबरची (साधारण ०.७ मिलिमीटर) वजनाला लागते आणि ३६ नंबरची (०.१९ मिलिमीटर) पोटावरच्या वळ्यांना. नवी तार एनॅमलमुळे तांबूस-तपकिरी चमकते, ती वळ्यांना फार शोभते. जळालेली काळी पडलेली असते, ती आत घाला.

शेपट्या आणि मिशांना बदकाचं पीस. पंखातलं मोठं पीस घेतलं की दांडीच्या एका बाजूला आखूड, ताठ, टोकदार काटे असतात, त्यांना बायट म्हणतात. पाळीव बदकाचंच घ्या. बगळा, पाणकोंबडी, रानकोंबडा यांच्या पिसांना हात लावू नका.

पोटाला दोन पदरी लोकर. छातीला सुतळी. हो, तागाची सुतळी. तिचा पीळ सोडायचा, कैचीने अर्ध्या सेंटीमीटरचे तुकडे करायचे, त्यात थोडी गडद लोकर आणि बकरीच्या अंगची आतली मऊ लव मिसळायची आणि दोन कंगव्यांमध्ये पिंजायची. भिजल्यावर हे मिश्रण बारीक हलतं आणि पायांसारखं दिसतं.

पायांना कपड्याच्या इलॅस्टिकमधले रबराचे धागे. पट्टी उसवली की आत बारीक चौकोनी रबर निघतं. पंखांच्या कळ्यांना जुन्या ऑडिओ कॅसेटची टेप. वडिलांच्या भजनाच्या कॅसेटी उंदरांनी खाल्ल्या होत्या, त्यातली उरलेली टेप मी जपून ठेवली आहे. तपकिरी, चकाकती, आणि ओल्या पिल्लाच्या पाठीशी हुबेहूब जुळते.

बांधणी अशी करतो. गळ शिकंज्यात धरायचा, दांडीवर दोऱ्याचा एक थर द्यायचा. २२ नंबरच्या तारेचे दांडीहून थोडे आखूड दोन तुकडे कापायचे. एक डाव्या कडेला, एक उजव्या कडेला, दांडीला समांतर ठेवून दोऱ्याने आवळायचे आणि फेव्हिक्विकचा एक थेंब. सगळ्यात महत्त्वाचं काम इथंच आहे. तार दांडीभोवती गुंडाळली तर अंग गोल होतं, कडेला बांधली तर चपटं. वाळल्यावर पकडीने हलकेच दाबा.

मग मागच्या टोकाला दोऱ्याची ज्वारीच्या दाण्याच्या निम्मी गाठ, तिच्या दोन बाजूंना दोन बायट. त्या गाठीमुळे शेपट्या फाकतात, नाहीतर एकमेकींना चिकटून एकच दिसते. तिथंच ३६ची तार आणि लोकर अडकवायची. लोकर मागे बारीक, पुढे रुंद होत आणायची, निम्म्याच्या थोडं पुढे थांबायचं. त्यावरून तारेचे सहा-सात वळे उलट्या दिशेने, म्हणजे लोकर सुटत नाही. टेपचा तुकडा इंग्रजी व्हीसारखा कापून बांधायचा, पुढे सुतळीची छाती, रबराची एक जोडी पाय, परत टेप, परत छाती, परत पाय. दोन कळ्या, दोन जोड्या पाय. डोक्यापाशी दोन आखूड मिशा. गाठ मारायची आणि बिनरंगी नेलपॉलिश.

एक फ्लाय बांधायला मला पंचवीस मिनिटं लागतात. तेवढ्यात पाण्याची एक पाळी बदलून येतो.

बारा झाल्या आहेत, छत्तीस करायच्या आहेत. आणखी एक गोष्ट. परवा सालबर्डीला गेलो होतो तेव्हा माडू नदीच्या खळखळत्या पाण्यात दगड उलटून बघितले. तिथंही दोन शेपट्यांचं चपटं पिल्लू मिळालं! म्हणजे आपल्याकडेही स्टोनफ्लाय आहे. शेवटच्या चार फ्लाय त्याच्यावरून बांधल्या आहेत, फोटो खाली देतो.

---

सह्याद्री_गळ (पुणे) | १६ जानेवारी, सकाळी ८:२५

वाचनखूण साठवली. दोन प्रश्न. गळ कुठले वापरता? आणि मोराचं पीस चालतं का? परदेशी पद्धतींमध्ये जिथंतिथं तेच असतं.

---

नदीकाठचा | १६ जानेवारी, दुपारी ३:४०

दादा, गळावर पैसे वाचवू नका, एवढंच सांगेन. मागच्या वर्षी ऑनलाइन स्वस्तात शंभर गळ मागवले. आठ नंबर म्हणून आलेले निम्मे दहाचे निघाले, आणि तीर्थनवर एका दगडात अडकलेला ओढला तर गळ सरळ होऊन सुईसारखा हातात आला. दगडाऐवजी मासा असता तर? आता मी मुस्टाड कंपनीचा ९६७२ घेतो. दर वेळी नवीन पाकिटातला एक गळ शिकंज्यात धरून अंगठ्याने दाबून बघतो. वाकून परत जागेवर आला पाहिजे. वाकलेलाच राहिला तर पाकीट परत.

मोराच्या पिसाचे केस पोटाला फार छान दिसतात, हे खरं. मोर वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमधला पक्षी आहे, पण आपसूक गळालेल्या शेपटीच्या पिसाला देशात कायद्याने सूट आहे, फक्त परदेशी पाठवता येत नाही. आमच्या बागेत जूननंतर पिसं पडलेली मिळतात. तरी या फ्लायला मी ते वापरत नाही. ते केस नाजूक असतात. ट्राउटचे दात एकदा लागले की तुटतात. लोकर टिकते.

---

शिलाईवाली (हिंगणघाट) | १६ जानेवारी, रात्री ९:०५

भाऊ, मासे मारण्यातलं मला काही कळत नाही, पण दोऱ्यातलं कळतं. फोटो मोठा करून बघितला. तुम्ही साधा शिवणाचा दोरा वापरला आहे ना? डोकं किती जाड झालंय बघा. तो दोरा तीन पदरी पिळाचा असतो, एकावर एक वेढे दिले की डोंगर होतो.

ओव्हरलॉक मशीनला खालच्या लूपरला जो फुगीर नायलॉन दोरा लावतात तो घ्या. त्याला पीळ जवळजवळ नसतोच. ताणला की केसासारखा बारीक होतो, सैल सोडला की पसरतो. वेढा देताना सपाट बसतो, त्यामुळे तुमचं डोकं निम्मं होईल. शेवटची गाठ मारताना मात्र दोरा उलट्या बाजूला दोन-चार गिरक्या द्या म्हणजे पीळ पडेल आणि गाठ आवळेल.

आणि रबर इलॅस्टिकच्या जुन्या पट्टीतलं घेऊ नका. उन्हात राहिलेलं इलॅस्टिक आतून कुजलेलं असतं, ओढल्यावर पांढरं पडतं. नवीन अर्धा मीटर घ्या, काही रुपयांचं काम आहे.

---

नदीकाठचा | १६ जानेवारी, रात्री ११:५०

ताई, दोन वर्षं मी डोकी घासून बारीक करत होतो! मला वाटायचं माझा हात जड आहे. उद्याच वरूडला ओव्हरलॉकवाल्याकडे जातो.

---

पानकीटक (अमरावती) | १७ जानेवारी, सायंकाळी ६:१५

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते, आणि पाण्यातले कीटक हा माझा आवडीचा विषय आहे. लेख मनापासून आवडला. दगड उलटून बघणारे लोक कमी आहेत.

माडू नदीतल्या पिल्लाबद्दल मात्र थांबून विचार करावा असं वाटतं. दोन शेपट्या म्हणजे स्टोनफ्लाय असं मुलंही लिहितात आणि मी तिथं गुण कापते. मेफ्लाय हा पाण्यातच वाढणारा दुसरा कीटक. त्याच्या पिल्लांना बहुधा तीन शेपट्या असतात, पण वेगवान पाण्यात दगडाला चिकटून राहणाऱ्या मेफ्लायच्या काही जातींना दोनच असतात, आणि त्याही चपट्याच असतात. शेपट्या मोजून भागत नाही. दोन गोष्टी बघा.

पहिली, कल्ले. मेफ्लायचे कल्ले पोटाच्या दोन्ही कडांना ओळीने, लहान पानांसारखे असतात. पिल्लू बशीभर पाण्यात ठेवलं की ते हलताना दिसतात. स्टोनफ्लायला पोटाच्या कडेला असे पानांसारखे कल्ले नसतात. ज्यांना कल्ले असतात त्यांचे बहुधा छातीखाली, पायांच्या मुळाशी, काखेतल्या केसांसारखे झुबक्यात असतात.

दुसरी, नखं. भिंगाने पायाचं टोक बघा. स्टोनफ्लायला प्रत्येक पायाला दोन नखं, मेफ्लायच्या पिल्लाला एकच.

दक्षिण भारतात स्टोनफ्लाय आहेत. पश्चिम घाटात निओपर्ला या प्रजातीतल्या मिळतात. त्यांना बारमाही, थंड, खळखळतं आणि प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. उन्हाळ्यात डबकी उरणाऱ्या ओढ्यात त्यांची आशा कमी. म्हणूनच नदीची तब्येत तपासताना या कीटकांना मान आहे. ब्रिटनमध्ये निघालेल्या बीएमडब्ल्यूपी पद्धतीत कीटकांच्या कुळांना १ ते १० गुण देतात. स्टोनफ्लायच्या पर्लिडी कुळाला पूर्ण १०, तर सांडपाण्यातही जगणाऱ्या लाल रक्तकिड्यांच्या कुळाला २.

पिल्लू अजून तुमच्याकडे असेल तर नक्की बघून कळवा. आणि एक विनंती, मेळघाटच्या अभयारण्यातल्या सिपना, खंडू वगैरे नद्यांमध्ये दगड उलटायला किंवा गळ टाकायला कुणी जाऊ नये. तिथं मासेमारीला मनाई आहे.

---

नदीकाठचा | १८ जानेवारी, रात्री २:३०

मॅडम, पिल्लू मी तिथंच सोडलं होतं, म्हणून आज परत सालबर्डीला जाऊन आलो. तीन दगडांवर चार मिळाली. स्टीलच्या वाटीत पाणी घालून, मुलाच्या कंपासमधलं भिंग घेऊन नदीकाठीच बसलो.

पोटाच्या दोन्ही कडांना पानांच्या ओळी आहेत. वाटीतलं पाणी स्थिर झालं की त्या लाटेसारख्या एकामागून एक हलतात, मागून पुढे. पाच-सात मिनिटं मी नुसता तेच बघत होतो. नख एकच. म्हणजे मेफ्लाय.

वरच्या लेखात चुकीचं लिहिलं, ते तसंच ठेवतो आणि खाली ही दुरुस्ती. त्या चार फ्लाय उसवल्या. कारण फरक नुसता नावाचा नाही. या पिल्लाचं डोकं रुंद आणि शरीर मागे एकदम निमुळतं, पाचरीसारखं. तीर्थनचं पिल्लू डोक्यापासून शेपटीपर्यंत जवळपास एकसारखं रुंद होतं. माझ्या त्या चार फ्लाय मागून फार बारीक झाल्या होत्या आणि तिथं तारेला जागाच उरली नव्हती.

---

अकोटचा_पोट्टा (मूळ अकोट, सध्या डेन्व्हर) | १९ जानेवारी, सकाळी ७:००

भाऊ, वरूड आणि स्टोनफ्लाय एका ओळीत वाचून लय बरं वाटलं. इथं अमेरिकेच्या पश्चिमेला ही फ्लाय म्हणजे रोजचं जेवण आहे. मोठी साल्मनफ्लाय (टेरोनार्सिस कॅलिफोर्निका) तीन-चार वर्षं पिल्लू म्हणून पाण्यात काढते आणि पाच सेंटीमीटरपर्यंत वाढते. तिला चार नंबरचा गळ लागतो. हंगामाच्या सुरुवातीला, मार्च-एप्रिलमध्ये, मोंटानाच्या बिटररूट नदीवर स्क्वाला नावाची मधल्या आकाराची निघते, तिच्यासाठी लोक दुरून येतात. तुमच्या दीड-दोन सेंटीमीटरच्या पिल्लाला आठ-दहा नंबर बरोबर आहे.

एका मुद्द्यावर मात्र माझं मत वेगळं आहे. चपटेपणावर तुम्ही फार जोर देताय. चार्ल्स ब्रुक्स म्हणून मोंटानातले मोठे फ्लायवाले होऊन गेले. पाण्याखाली उतरून त्यांनी फ्लाय कशा वाहतात ते बघितलं होतं. त्यांचं म्हणणं, प्रवाहात फ्लाय गिरक्या खाते, मग माशाला एकदा गडद पाठ, एकदा फिकं पोट असं दिसतं आणि त्याला संशय येतो. खरं पिल्लू तसं लोळत नाही. म्हणून ते सगळीकडून सारखी दिसणारी, पाठ-पोट नसलेली, गोल फ्लाय बांधायचे. पाय म्हणून पिसाचं वेटोळं गोल फिरवायचे. मी स्वतः गोलच बांधतो आणि मासे घेतात.

अजून एक. पिल्लू वाढताना बऱ्याच वेळा कात टाकतं. कात टाकल्यावर काही तास ते सायीसारखं पांढरट-पिवळं आणि मऊ असतं. मासे ते आवडीने खातात. बारा गडद बांधल्या तर दोन-तीन फिक्या बांधा.

---

नदीकाठचा | २० जानेवारी, रात्री १२:४५

दादा, ब्रुक्स यांचं म्हणणं वाचून झोप उडाली (नाहीतरी येणारच नव्हती). नुसतं बोलून काय उपयोग, म्हणून आज करून बघितलं.

विहिरीचं पाणी पाइपातून जिथं सिमेंटच्या धोऱ्यात पडतं, तिथून पुढे वीसेक फूट पाणी स्वच्छ, जोरात वाहतं. तळाशी मी नदीतले गोटे टाकले. बॅटरी घेऊन बायको एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. प्रत्येक फ्लाय दोऱ्याला बांधून दहा-दहा वेळा सोडली.

गोल फ्लाय गिरक्या खात गेली. ब्रुक्स बरोबर आहेत. गोल असल्याने ती कशीही फिरली तरी तशीच दिसत होती.

कडेला तार बांधलेली चपटी फ्लाय गिरक्या खात नव्हती. पण ती दहापैकी सात वेळा उलटी झाली, गळाचं टोक आभाळाकडे, आणि तशीच पाठीवर तरंगत गेली. म्हणजे माझ्या कॅसेटच्या कळ्या माशाला दिसतच नव्हत्या, त्या तळाकडे होत्या! दोन गोष्टी मात्र चांगल्या झाल्या. एक, गळाचं टोक वर असल्याने ती गोट्यांत गोल फ्लायच्या निम्म्यानेही अडकली नाही. दोन, ती गोलपेक्षा लवकर तळाला गेली.

तेव्हा माझा निर्णय असा. चपटीच बांधणार, पण पाठ-पोट सारखंच करणार. टेप दोन्ही बाजूंना लावायची गरज नाही, लोकरच मधल्या तपकिरी रंगाची घ्यायची आणि पाय दोन्ही बाजूंना दिसतील असे कडेला बांधायचे. निम्मं तुमचं, निम्मं माझं. फिक्या रंगाच्या सहा बांधतो.

---

वैनगंगेचा_पोर (पवनी) | २१ जानेवारी, सकाळी ६:३०

नमस्कार भाऊ. आम्ही ढीवर. बाप, आजा, पणजा सगळे वैनगंगेवरच. मी पहिल्यांदा लिहून राहिलो इथं.

ट्राउट मी पाह्यला नाही. पण तुमचा लेख बाबांना वाचून दाखवला. कडेला तार बांधायचं ऐकून ते म्हणाले, बरोबर हाय, मासा वरून येणारं आमिष पाह्यते, थांबलेलं पाह्यत नाही. खाली जाता जाता जे हलते तेच तो घेते. तुमच्या रबराच्या पायांचं त्यांना लय कौतुक वाटलं.

मी एक बांधून पाह्यली. बकरीची लव, सुतळी आणि रबर. वजनाला आमच्याकडे जाळ्याचं शिसं असते, तेच ठोकून पातळ पट्टी केली आणि कडेला बांधली. सोसायटीच्या तलावावर (परवानगी घेऊन) सांडव्याच्या खालच्या वाहत्या पाण्यात टाकली. पंधरा मिनिटांत दोन चिलापी (तिलापिया मासे). दोन्ही वेळा फ्लाय खाली जातानाच घेतली, ओढताना नाही.

एक विचारतो. तुम्ही शिसं काऊन नाही वापरत? तांब्यापेक्षा जड आहे, आणि आमच्या घरी पोतंभर आहे.

---

नदीकाठचा | २१ जानेवारी, दुपारी १:२०

भाऊ, तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. "खाली जाता जाता घेते" हे मी वहीत लिहून ठेवलं. तीर्थनवर मी फ्लाय तळाला लागेपर्यंत दोरा सैल सोडायचो. म्हणजे नेमका जेव्हा मासा घेतो तेव्हा मला कळायचंच नाही.

शिसं जड आहे, खरं. एक घन सेंटीमीटर तांबं साधारण ९ ग्रॅम, शिसं ११.३, आणि बाहेर देशात वापरतात ते टंगस्टन १९च्या वर. पण फ्लाय दगडात अडकून तुटतात. एका फेरीत माझ्या दहा-बारा जातात. तेवढं शिसं नदीत राहतं.

---

पानकीटक | २१ जानेवारी, रात्री ८:००

याला जोडून. ब्रिटनमध्ये गळाचं शिसं गिळून हंस मोठ्या प्रमाणावर मरू लागले, म्हणून १९८७ मध्ये तिथं शिशाच्या लहान वजनांवर बंदी आली. पाणपक्षी दळणासाठी बारीक खडे गिळतात आणि शिशाचा तुकडा त्यांना खडाच वाटतो. आपल्या भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांवर हिवाळ्यात किती पक्षी उतरतात हे पवनीच्या दादांना मी काय सांगावं.

---

वैनगंगेचा_पोर | २२ जानेवारी, सकाळी ६:१०

हे माहीत नव्हतं मॅडम. जाळ्याचं शिसं आम्ही सहसा हरवू देत नाही, महाग पडते. पण गरीचं तुटून जाते हे खरं हाय. मोटारवाल्याकडून तार आणतो.

---

सह्याद्री_गळ | २ फेब्रुवारी, रात्री १०:१५

पाण्यात टाकायचं कसं तेही लिहा ना. बांधणीत सगळे रंगले.

---

नदीकाठचा | ३ फेब्रुवारी, रात्री १२:२०

थोडक्यात लिहितो, बागेत फुलं धरली आहेत आणि कामं खूप आहेत.

नऊ फुटांचा लीडर (जाड दोरीच्या पुढचा पारदर्शक धागा), पुढे फोर एक्सचा धागा (०.१८ मिलिमीटर). तरंगायला हवाई चपलेच्या रबराचा वाटाण्याएवढा तुकडा. तो फ्लायपासून किती वर लावायचा? पाण्याच्या खोलीच्या दीडपट. वाहत्या पाण्यात दोरा तिरका जातो, म्हणून दीडपट. प्रवाहाच्या वर टाकायचं, काठी उंच धरायची आणि दोरा फ्लायला ओढणार नाही इतकाच सैल ठेवायचा. खरं पिल्लू दगडावरून सुटलं की पोहू शकत नाही, नुसतं वाहत जातं. फ्लाय प्रवाहापेक्षा जोरात गेली की मासा तोंड फिरवतो. पाच-सहा फेकींत एकदाही फ्लाय तळाला घासली नाही तर ती खोल जात नाहीये, तरंगता तुकडा वर सरकवा. तुकडा जरा जरी थबकला तर काठी उचला. दहातले आठ दगड असतात.

मोठ्या स्टोनफ्लायच्या मागे वीतभर धाग्यावर चौदा नंबरची लहान फ्लायही बांधतात. जड फ्लाय लहानीला खाली नेते. मी यंदा तसं करणार आहे.

उगवताना आणि मावळताना पिल्लं जास्त सुटतात, तेव्हा पाण्यावर असा. पंख फुटायची वेळ आली की ती चालत काठाकडे येतात, म्हणून नदीच्या मध्यात उतरण्याआधी कडेचं पाणी तपासा. बहुतेक लोक जिथं पाय ठेवतात तिथंच मासा असतो.

---

नदीकाठचा (तीर्थन खोरे) | ५ मार्च, सायंकाळी ७:४५

चौथा दिवस आज संपला. रेंज फक्त गच्चीवर येते, तिथून लिहितो आहे.

पाणी मागच्या वर्षीपेक्षा कमी आहे. सकाळी थर्मामीटर बुडवला तर पाच अंश. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन पडल्यावर पाणी आठ अंशांपर्यंत आलं, आणि काठापासून काठीभर अंतरावर, एका खडकाच्या सावलीत, तुकडा थबकला. ब्राउन ट्राउट, वीतभराहून थोडा मोठा. अंगावर लाल ठिपके आणि त्यांच्याभोवती फिकट कडी. या नद्यांचा तो मूळचा नव्हे. १९०९च्या सुमारास काश्मीरहून अंडी आणून कुल्लूकडे सोडले, त्यांचा वंश. गळ काटा दाबलेला होता, पाण्यातच दोन बोटांनी निघाला. हातही ओला होता. सोडला तेव्हा तो दोन श्वास माझ्या बुटाजवळ थांबला आणि मग गेला.

आज आणखी दोन. अकोटच्या दादांना सांगायचं म्हणजे दोन्ही फिक्या फ्लायवर आले. सकाळी काठावरच्या ओल्या खडकावर काती चिकटलेल्या बघितल्या होत्या, पाठीवर उभी चीर पडलेल्या, रिकाम्या, शेपट्यांसकट. त्यातली एक मॅडमसाठी काडेपेटीत कापसात ठेवली आहे. भिंगाने बघितली, नखं दोन आहेत.

पवनीच्या बाबांचंही खरं ठरलं. तीनपैकी दोन मासे फ्लाय खाली जातानाच आले. या वेळी दोरा सैल नव्हता म्हणून कळलं.

अकरा फ्लाय दगडांनी घेतल्या. शेवटच्या माशाने एका फ्लायचे दोन पाय तोडले, टेप अर्धी सोलली, पण डोक्याचा एक वेढाही सुटलेला नाही. शिलाईवाली ताई, आठवडाभरात घरी येतो. त्या दोऱ्याची तपकिरी दोन आणि फिकी पिवळी दोन रिळं माझ्यासाठी काढून ठेवा.